मधल्या गाडीचा गुन्हा काय?

कसारा घाटात पावसाळी धुके उतरले, की पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एक गाडी करकचून थांबते, दुसरी तिच्यावर, तिसरी दुसरीवर. मग रस्त्याकडेला भांडण, आणि नाशिकच्या कुठल्याही टपरीवर मिळणारा तोच निवाडा: “मागून ठोकली ना? मग मागच्याचीच चूक.” गाड्या दोन असतील तर तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. तीन झाल्या, की मधला माणूस ठोकणाराही असतो आणि ठोकला गेलेलाही.

‘मागच्याची चूक’ ही नुसती टपरीवरची अक्कल नाही. रस्त्याच्या १९८९च्या नियमावलीत २३व्या नियमाने सांगितले होते, की पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी टक्कर टळेल एवढे अंतर मागच्याने ठेवावे. २०१८मध्ये निशान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाकडे बोट दाखवले. ट्रकच्या मागे जेमतेम १० ते १५ फुटांवरून चाललेल्या मारुती गाडीचा ते प्रकरण होते. ते अंतर सुरक्षित नाही, असे ठरले. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी १५ फूट पाव सेकंदाच्या आत कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पोचायलाच सेकंद-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात गाडी ३० मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर पूर्ण थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. ओल्या घाटात याहून कितीतरी जास्त.

पण त्याच नियमावलीत २४वा नियमही होता, तो भांडणात कुणाला आठवत नाही: सुरक्षेसाठी गरज नसताना एकाएकी ब्रेक मारू नये. पुढच्यावरही जबाबदारी आहे, ती इथे.

धडकेचे गणित मोटारींपेक्षा खूप जुने. १६६८च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने टकरीचे नियम मागवले. वॉलिस, रेन आणि हायगेन्स या शास्त्रज्ञांनी उत्तरे पाठवली. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग. टकरीआधी सगळ्यांचा मिळून जेवढा, नंतरही तेवढाच. सारख्या वजनाच्या तीन गाड्या घ्या. पहिल्या दोन थोडे अंतर राखून थांबलेल्या आहेत, तिसरी ताशी ६० किलोमीटरने येऊन मधलीवर आदळते. दोघी चिकटून ३०ने पुढे सरकतात, पहिलीला धडकतात आणि तिघी मिळून २०ने घसरतात. (ब्रेक आणि घर्षण क्षणभर बाजूला ठेवले आहे.) मधलीला मागून बसलेल्या धक्क्यात तिचा वेग ३०ने बदलला; पुढच्या धडकेत तो १०नेच घटला. अशा वेळी तिची डिकी बोनेटपेक्षा जास्त चेपलेली असते. उलट ती आधी स्वतःच पुढच्यावर आदळली आणि मग तिला मागून ठोकर बसली, तर बोनेटची दशा वेगळी गोष्ट सांगते.

म्हणून अनुभवी तपासनीस पहिल्या गाडीच्या चालकाला आधी विचारतो: धक्का एकदा बसला की दोनदा? दोनदा म्हणाला, तर मधल्यावर संशय: आधी तो स्वतः आदळला, मग मागून ढकलला गेला. अर्थात भेदरलेल्या माणसाच्या मोजणीवर सगळा भार टाकता येत नाही. बंपरवरच्या खुणेची उंची अधिक भरवशाची वाटते. जोरात ब्रेक लागलेल्या गाडीचे नाक खाली झुकते, त्यामुळे तिची खूण पुढच्या गाडीवर नेहमीपेक्षा खाली उमटते. आधीच थांबलेल्या गाडीचे नाक पुन्हा वर आलेले असते, म्हणून ती ढकलली गेली तर खूण नेहमीच्या उंचीवर.

दोष वाटून देण्याची कल्पना मात्र उशिरा आली. १८४२च्या इंग्रजी खटल्यात पाय बांधून रस्त्यात सोडलेल्या गाढवाला भरधाव गाडीने चिरडले. गाढवाच्या मालकाचीही हयगय होती, तरी अपघात टाळणे गाडीवानाला शक्य होते म्हणून भरपाई त्याच्याकडून मिळाली. सगळे किंवा काहीच नाही, असा तो काळ. इंग्लंडमध्ये टक्केवारीने वाटणीचा कायदा १९४५मध्ये झाला. आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे तशी वाटणी करतात. जुलै २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा: कोइंबतूरला २०१७मध्ये पुढच्या मोटारीने महामार्गावर अचानक ब्रेक मारला, मागचा दुचाकीस्वार तिला धडकून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. न्यायालयाने मोटारचालकाला ५० टक्के, बसचालकाला ३० आणि स्वतः दुचाकीस्वाराला २० टक्के जबाबदार धरले. सर्वात मोठा वाटा सर्वात पुढच्याचा! मागे बसलेल्या निर्दोष प्रवाशाला मात्र या टक्केवारीत अडकावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या खेनयेई निकालानुसार तो दोषींपैकी कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, वाटणी त्यांनी आपसात करावी.

पुरावा मात्र टिकत नाही. धडकेच्या हादऱ्याने मडगार्डखालची वाळलेली माती रस्त्यावर पडते, आणि धडक नेमकी कुठे झाली ते ती दाखवते. पिंपळगावच्या बाजूला उन्हाळ्यात हा मातीचा पट्टा तासभर तरी राहतो. इगतपुरीच्या पावसात पंचनाम्याचा कागद निघण्याआधीच तो वाहून जातो, आणि तोवर लोकांनी वाहतूक मोकळी करायला गाड्याही ढकलून कडेला लावलेल्या असतात.