घर निर्मळ ठेवणे (ग्रामीण विदर्भातील कॅथॉलिक आचार)

देवाच्या जागी जिच्यावर भरवसा टाकला जातो किंवा जिच्या धाकाने घर चालते, अशी वस्तू कॅथॉलिक घरात न ठेवणे, आणि असलीच तर प्रार्थना करून ती काढून टाकणे, असा हा आचार आहे. ताईत, गंडा, मंतरलेला दोरा, अंगाऱ्याची पुडी, चौकटीला टांगलेला बिब्बा, काळी बाहुली, ग्रहाच्या खड्याची अंगठी या वस्तू त्यात प्रामुख्याने येतात. अलीकडे वास्तुदोषावरचे पिरॅमिड आणि पैसा येण्यासाठी ठेवलेले धातूचे कासवही आले आहे. या आचाराचा वेगळा असा विधी नाही. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी आणि दरवर्षी पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्री भाविकाला ‘सैतानाचा त्याग करता का?’ असे विचारतात आणि तो ‘होय’ म्हणतो. तो होकार घराच्या कोनाड्यापर्यंत नेणे एवढाच याचा अर्थ.

विदर्भातला कॅथॉलिक समाज संख्येने लहान आणि विखुरलेला आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कामठी-नागपूर भागात आले. नागपूरचा धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालचा भाग) १८८७ मध्ये आणि अमरावतीचा १९५५ मध्ये झाला. चांदा (चंद्रपूर) भागाचे मिशनकार्य १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे, म्हणजे पूर्वेकडच्या उपासनापद्धतीच्या कॅथॉलिक शाखेकडे आहे. शहरात चर्च, शाळा, सिस्टरांचा दवाखाना जवळ असतो. खेड्यात मात्र पन्नास घरांत एखाददुसरे घर कॅथॉलिक. फादर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, एरवी रविवारची प्रार्थना कोणाच्या तरी ओसरीवर होते. अशा घराचे सोयरे, शेजारी, सोबत कापूस वेचणाऱ्या बाया, सगळे गावच्या रीतीने चालणारे. त्यामुळे या वस्तू घरात येतात त्या कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, बहुधा मायेने येतात.

लेकरू रात्रभर रडते. शेजारची काकू म्हणते, ‘लेकराले नजर लागली’, आणि मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकते. गाय दूध चोरते, सोयाबीन पिवळे पडते, तरण्या पोराचे हातपाय ठणकू लागतात, की ‘कोनं तरी करून ठेवलं’ ही शंका येते आणि पाय जाणत्याच्या, म्हणजे गावातल्या मांत्रिकाच्या, दाराकडे वळतात. विदर्भाच्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. त्याची कळ अचानक उठते, हाडे फोडून काढते आणि काही दिवसांनी आपोआप ओसरते. करणी वाटावी असाच तिचा चेहरा आहे. दोरा बांधल्यावर कळ ओसरली की दोऱ्याला यश मिळते, आणि रक्ताची तपासणी राहून जाते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे गेलेला तास तर परत मिळतच नाही. त्यामुळे अशा वस्तूचा पहिला अपाय पुष्कळदा अगदी शारीरिक असतो.

ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथॉलिक चर्चची, शिकवण याबाबत स्पष्ट आहे. १९९२ च्या धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात परिच्छेद २११० ते २११७ मध्ये अंधश्रद्धा, मूर्तिपूजा, भविष्यकथन आणि जादूटोणा यांचा एकत्र विचार केला आहे. पत्रिका, हस्तरेषा आणि शकुन पाहणे २११६ मध्ये नाकारले आहे, आणि ताईत घालणे निंद्य असल्याचे २११७ मध्ये म्हटले आहे. त्याच परिच्छेदात आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे: पारंपरिक उपचाराच्या नावाखाली दुष्ट शक्तींना हाक मारणे किंवा दुसऱ्याच्या भोळेपणाचा फायदा घेणे योग्य ठरत नाही. म्हणजे नकार झाडपाल्याला नाही. मेळघाटातल्या कोरकू भूमकाने (आदिवासींच्या पुजारी-वैदूने) दिलेली मुळी पोटदुखीला उतार देत असेल तर ती घ्यायला हरकत नाही. मुळीबरोबर मंत्र आणि कोंबडे आले की तिथे थांबायचे.

बायबलमध्ये याचे तीन प्रसंग जवळचे आहेत. याकोबाने घरच्यांजवळचे परके देव आणि कानांतली कुंडले गोळा करून शखेमजवळ एका झाडाखाली पुरली (उत्पत्ती ३५). इफिससमध्ये जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली (प्रेषितांची कृत्ये १९). तिसरा प्रसंग कॅथॉलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे. युद्धात पडलेल्या यहूदी सैनिकांच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. त्यांचा सेनापती यहूदा त्यांना शिव्याशाप देत नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि वर्गणी जमवून यरुशलेमला बली अर्पण करायला पाठवतो. ताईत घालणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे क्वचितच सापडते.

वस्तूत स्वतःची ताकद असते का, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. संत पौल करिंथकरांना लिहितात की मूर्ती म्हणजे काही नाही, पण त्याच पत्रात पुढे भुतांशी सहभागी होऊ नका असेही बजावतात. दोन्ही वाक्ये एकत्र धरावी लागतात. ताईताची तांब्याची नळी ही तांब्याची नळीच असते. अपाय होतो तो तिच्याशी बांधून घेतलेल्या भरवशाने आणि भीतीने, आणि त्या भरवशाच्या आडून माणसाला देवापासून तोडू पाहणाऱ्या सैतानाने. ही नोंद लिहिणाऱ्यासमोर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घरी असा ताईत उघडला गेला. करंगळीच्या पेराएवढी नळी, दोन्ही तोंडे मेणाने बंद, काळ्या दोऱ्यात ओवलेली, घामाने हिरवट पडलेली. सुईने मेण खरवडले तेव्हा आतून कागदाची घट्ट गुंडाळी निघाली. तिच्यावर नऊ घरांचा चौकोन होता, घरांत निळ्या पेनने आकडे होते, त्यातले दोन ओलीने पसरलेले. सोबत चिमूटभर राख. ज्या बाईच्या गळ्यात तो अकरा वर्षे होता ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. अंघोळीलासुद्धा तो काढायची तिची हिंमत झाली नव्हती.

काय काढू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नव्याने आवेश आलेले काही भाविक आंब्याच्या पानांचे तोरण, रांगोळी, समई, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या सगळ्यालाच अपवित्र ठरवतात. हे चूक आहे आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून नाही. रोमच्या धर्मप्रसार मंडळाने १६५९ मध्येच आशियातल्या धर्मप्रमुखांना लिहिले होते की लोकांच्या चालीरीती श्रद्धेला आणि नीतीला उघडपणे विरोधी नसतील तर बदलायला लावू नका. भारतात १९६९ पासून मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) आरती आणि तेलाचा दिवा यांना मान्यता आहे. क्रूस असलेले मंगळसूत्र घालणाऱ्या कॅथॉलिक बाया महाराष्ट्रभर आहेत. पोळ्याला बैल धुऊन सजवणे ही कष्टाच्या सोबत्याप्रती कृतज्ञता आहे, त्यात कॅथॉलिक शेतकऱ्याने मागे राहू नये. पण त्याच सुमारास दाराशी पळसाच्या मेढी (फांद्या) रोवून दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर टाकतात, तिथे विचार करावा लागतो. गंमत म्हणून पाहणे वेगळे आणि पिडा खरेच त्या फांदीबरोबर जाते असे मानून ती दाराशी रोवणे वेगळे.

सर्वांत नाजूक प्रश्न टाकांचा. एका भावाचे घर ख्रिस्ती झाले आणि वडिलोपार्जित देवघर त्याच्याच माजघरात राहिले, असे घडते. कुलदैवतांचे टाक हे ताईत नव्हेत आणि ते एकट्याचेही नसतात, सगळ्या भावकीचे असतात. ते फोडणे किंवा विहिरीत टाकणे म्हणजे जे आपले नाही ते नष्ट करणे, आणि ज्यांना ते पूज्य आहे त्यांचे मन दुखावणे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या घोषणापत्रात म्हटले आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते काहीही कॅथॉलिक ख्रिस्तसभा नाकारत नाही. तेव्हा आपली पूजा थांबवावी, भावाला बोलवावे, आणि टाक त्याच्या हाती आदराने सोपवावेत. यावर काही जण म्हणतील की आपण भावाला मूर्तिपूजेत मदत केली. तसे नाही, ज्याचे होते त्याला परत केले.

प्रत्यक्ष रीत साधी असते. फादर गावात यायच्या आधी घरातली मंडळी एकत्र बसून वस्तू काढतात: चौकटीवरून, कवेलूंखालच्या आढ्यावरून, धान्याच्या कोठीतून, पाळण्याच्या दोरीवरून. फादर आले की त्यांच्यापुढे पापनिवेदन (पापांची कबुली) होते. वस्तूवर ज्याने भरवसा ठेवला त्याने स्वतःच्या तोंडाने तो सोडल्याचे सांगायचे असते, दुसऱ्याने त्याच्या वतीने नाही. मग कागद, दोरा, लाकूड जाळतात, धातू वाकवून किंवा ठेचून शेताच्या धुऱ्यावर खोल पुरतात. विकून पैसे करत नाहीत. तिठ्यावर किंवा रस्त्याच्या कडेला काहीही टाकू नये, कारण काळी बाहुली वाटेत दिसली की गाव तिला उतारा समजते आणि आपल्या घरातली भीती दुसऱ्याच्या घरात शिरते. शेवटी फादर घराला आशीर्वाद देतात, खोल्यांत, गोठ्यात, विहिरीवर पवित्र पाणी शिंपडतात. फादर लवकर येणार नसतील तर घरच्यांनी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणून वस्तू काढाव्यात, आशीर्वाद नंतर घ्यावा. भूत काढण्याचा विधी मात्र कोणीही करायचा नाही. १९८३ च्या कायदासंहितेच्या ११७२ व्या कलमानुसार धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या खास परवानगीशिवाय फादरलाही तो करता येत नाही.

वस्तू कोणी ठेवली, हे विचारायचे नाही. उंबरठ्याखाली लिंबू-बिब्बा सापडला की लगेच धाकटी जाऊ, विधवा नणंद किंवा बांधाचा वाद असलेला शेजारी डोळ्यापुढे येतो. मग एखादा जाणता नावही सांगतो. घरात ठेवण्यासारखी याहून घातक वस्तू नाही. अशा संशयावरून विदर्भात बायांना मारहाण झाली आहे, माणसे जिवानिशी गेली आहेत. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अमक्याने करणी केली असे सांगून त्याचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा ठरवला आहे. तो कायदा कॅथॉलिक घरालाही लागू आहे, आणि प्रार्थनेच्या नावाखाली ‘तुमच्या घरात अमक्याने करून ठेवलंय’ असे सांगणाऱ्या प्रार्थनासेवकालाही. नवससायास आणि कोंबडी-बकऱ्यांच्या बळीवर कीर्तनातून कोरडे ओढणारे गाडगेबाबा याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांची भाषा वेगळी होती. पण भीतीच्या नावाने गरिबाला लुबाडू नका, हे त्यांचे म्हणणे कॅथॉलिक माणसाने मान खाली घालून ऐकावे असे आहे.

कारण चूक आपल्या बाजूनेही होते. आशीर्वादित मीठ ही ख्रिस्तसभेची जुनी वस्तू आहे. अलीशा संदेष्ट्याने मीठ टाकून यरीहोचे पाणी बरे केल्याची आठवण तिच्यामागे आहे. पण तेच मीठ पुडीत बांधून चारी कोपऱ्यांत पुरले आणि ‘आता काही शिरत नाही’ म्हटले, की मीठ-मोहरीत आणि त्यात फरक काय उरला? संत बेनेडिक्ट यांच्या पदकावर सैतानाला दूर घालवणाऱ्या लॅटिन ओळीची आद्याक्षरे असतात. ती ओळ प्रार्थना म्हणून म्हणायची असते. अर्थ न विचारता लेकराच्या कमरेला पदक बांधले तर तो चांदीचा ताईतच होतो. अंतःकरणाच्या भावाविना केवळ बाह्य कृतीने फळ मिळते असे मानणे हीच अंधश्रद्धा, असे धर्मशिकवणुकीच्या २१११ व्या परिच्छेदात म्हटले आहे. घरातला क्रूस तुटला, झावळी रविवारची (ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिळालेली) झावळी वाळून चुरली, तर तीही जाळून राख मातीत मिसळावी. पण ‘क्रूस पडला, आता काही वाईट होणार’ असे घाबरू नये. खिळा सैल झाला होता, तो पुन्हा ठोकावा.

प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला इथे लागू पडतो. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, परत येतो तेव्हा घर झाडलेले, नीटनेटके पण रिकामे सापडते, आणि तो आपल्याहून वाईट असे सात सोबत घेऊन आत शिरतो. म्हणून मोकळ्या झालेल्या देवळीत त्याच दिवशी क्रूस किंवा येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर ठेवतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला सगळे घर तिथे बसते. पंधरा मिनिटांची रोझरी सुरुवातीला जड जाते. पोरे पेंगतात, म्हातारा मध्येच बैलांकडे उठून जातो. तरी ती मोडू देऊ नये. लेकरू पुन्हा तापले तर दोऱ्याची आठवण पहिल्याच रात्री येते, आणि तेव्हा हाताशी दुसरे काही असावे लागते: प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला शेजाऱ्याची गाडी, आणि तोंडात पाठ असलेली प्रार्थना.

वस्तू परत येतातही. बारशाला आईकडची आजी येते, पदरातून काळा दोरा काढते आणि बाळाच्या पायात बांधते. तिच्या डोळ्यांदेखत कातर घेऊ नये. चार दिवस तिच्याजवळ बसावे, दोऱ्यात तिने काय बांधले ते तिच्या तोंडून ऐकावे. ती सांगते की तिची दोन लेकरे पाळण्यातच गेली. मग बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण कशी करायची ते तिलाच शिकवावे, तिचाच अंगठा धरून. पुष्कळ वेळा दोरा मग ती स्वतःच सोडते.