ओबीबी फाइल हाताने बसवणे

अँड्रॉइडवरच्या मोठ्या गेममधली चित्रे, आवाज, नकाशे, व्हिडिओ असा जड ऐवज मुख्य अ‍ॅपपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला असतो. तिला ओबीबी फाइल म्हणतात. प्ले स्टोअरवरून गेम घेतला तर ही फाइल आपोआप जागेवर जाऊन बसते आणि खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. गेम एपीके फाइलवरून, म्हणजे अ‍ॅप बसवण्याच्या सुट्या फाइलवरून टाकला, की मात्र ओबीबी स्वतः आणून, ठरलेल्या नावाने, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. गेम खेळणाऱ्यांच्या बोलण्यात याला ‘ओबीबी टाकणे’ किंवा नुसते ‘डेटा टाकणे’ म्हणतात. काम अवघड नाही, पण त्यात अंदाजपंचे काही चालत नाही. नाव आणि जागा तंतोतंत जुळली तर गेम सुरू होतो. एका टिंबाचा फरक पडला, तर दोन जीबीची फाइल समोर असूनही गेमला ती दिसत नाही.

ही सोय का करावी लागली, हे जुन्या फोनकडे पाहिले की कळते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात स्टोअरवर चढवायच्या एपीकेला ५० एमबीची मर्यादा होती आणि फोनची आतली मेमरीही तोकडी असे. त्यामुळे गेम कंपन्या एपीके छोटी ठेवत आणि पहिल्यांदा गेम उघडला की उरलेला डेटा आपल्या सर्व्हरवरून एसडी कार्डवर उतरवत. प्रत्येक कंपनीचे फोल्डर निराळे. गेमलॉफ्टचे गेम तर कार्डाच्या मुळाशीच ‘गेमलॉफ्ट’ नावाचे फोल्डर करून त्यात बसत. त्यात भर म्हणजे ग्राफिक्स चिपनुसार डेटाही बदले. टेग्रा, अ‍ॅड्रीनो, पॉवरव्हीआर आणि माली या चिपांची चित्रे दाबून साठवण्याची पद्धत एक नव्हती. एका चिपसाठीचा डेटा दुसऱ्या चिपच्या फोनवर टाकला, की गेम चालू होई, आवाजही येई, पण माणसे आणि भिंती पांढऱ्याफटक किंवा काळ्याकुट्ट दिसत. म्हणून त्या काळी डेटा शोधताना फोनच्या मॉडेलपेक्षा चिपचे नाव आधी पाहावे लागे.

२०१० मध्ये अँड्रॉइड २.३ आले, तेव्हा ओबीबी हा प्रकार प्रणालीतच दाखल झाला. ‘ओपेक बायनरी ब्लॉब’ या नावाप्रमाणे आत काय आहे याच्याशी प्रणालीला देणेघेणे नसते. ते फक्त गेमला कळते. मार्च २०१२ मध्ये गूगलने प्रत्येक एपीकेसोबत अशा दोन फाइली जोडण्याची मुभा दिली. एकेक फाइल जास्तीत जास्त २ जीबीची, म्हणजे दोन्ही मिळून ४ जीबी. त्याच महिन्यात अँड्रॉइड मार्केटचे नाव बदलून गूगल प्ले झाले. एपीकेची मर्यादा पुढे २०१५ मध्ये १०० एमबीवर गेली, तरी मोठ्या गेमना ओबीबीवाचून गत्यंतर नव्हतेच. मात्र या नव्या नियमाने एक मोठे काम केले: डेटा कुठे असेल आणि त्याचे नाव काय असेल, हे सगळ्या गेमसाठी एकसारखे ठरले.

नाव आणि जागा

ओबीबीच्या नावात टिंबांनी जोडलेले चार भाग असतात: प्रकार, आवृत्तीचा अंक, पॅकेजचे नाव आणि शेवटी ओबीबी. प्रकार दोनच, ‘मेन’ आणि ‘पॅच’. मेनमध्ये मुख्य डेटा असतो. पॅच ऐच्छिक असून ती दुरुस्त्या आणि भर यांसाठी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अँड्रॉइडवर आलेल्या ‘जीटीए सॅन अँड्रियास’च्या फाइली ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना ‘मेन.८.कॉम.रॉकस्टारगेम्स.जीटीएसए.ओबीबी’ हे नाव तोंडपाठ असते. तिच्या जोडीला याच नावाची, फक्त सुरुवातीला ‘पॅच’ असलेली दुसरी फाइल लागते. प्रत्यक्षात हे सगळे रोमन लिपीत लिहिलेले असते. पॅकेजचे नाव म्हणजे गेमची प्रणालीतली ओळख. स्क्रीनवर आयकॉनखाली दिसणारे नाव नव्हे.

मधला अंक अनेकांना फसवतो. सेटिंग्जमध्ये गेमची आवृत्ती १.०८ किंवा २.१० अशी दिसते, तो हा अंक नाही. हा असतो आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, प्रत्येक नव्या एपीकेबरोबर वाढत जाणारा पूर्णांक. शिवाय ओबीबी ज्या एपीकेबरोबर प्रथम चढवली, तिचाच क्रमांक नावात राहतो. पुढच्या एपीकेला डेटा बदलावा लागला नाही, तर तीच जुनी ओबीबी चालू ठेवता येते. म्हणजे एपीकेचा क्रमांक पुढे गेला आणि फाइलीचा मागे राहिला, तरी जोडी बरोबर असू शकते. ‘जुळवून टाकू’ म्हणून फाइलीचे नाव बदलणे हा गेम बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे. नाव बदलून आतला डेटा काही नवा होत नाही.

जागा मात्र सरळ आहे. फोनच्या अंतर्गत स्टोरेजमध्ये ‘अँड्रॉइड’ हे फोल्डर, त्यात ‘ओबीबी’, त्यात पॅकेजच्या नावाचे फोल्डर आणि त्यात फाइल. कार्डावरही ‘अँड्रॉइड’ नावाचे फोल्डर दिसते, पण बहुतेक गेम तिकडे पाहत नाहीत.

बसवण्याची रीत

आधी एपीके टाकायची आणि गेम लगेच उघडायचा नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. डेटा नसताना गेम उघडला, की तो स्वतःच डाउनलोड सुरू करू पाहतो आणि अर्धवट फाइल मागे ठेवतो. एपीके बसली, की ओबीबीचे फोल्डर योग्य जागी ठेवायचे आणि मगच गेम उघडायचा. डेटा बहुधा झिप फाइलमध्ये मिळतो, म्हणून झिप आणि तिच्यातून निघालेला डेटा अशी जवळजवळ दुप्पट जागा मोकळी लागते. झिप उलगडल्यावर कॉपी करण्यापेक्षा मूव्ह करावे: एकाच स्टोरेजमध्ये मूव्ह क्षणात होते आणि जागाही वाचते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो झिप उलगडतानाच. उलगडायची असते ती बाहेरची झिप, आतली ओबीबी नव्हे. पण पुष्कळ ओबीबी स्वतःच झिप धाटणीच्या असतात, म्हणून काही फाइल मॅनेजर त्या उघडून दाखवतात आणि ‘एक्स्ट्रॅक्ट करू का’ असेही विचारतात. तिथे होकार दिला, की हजारो छोट्या फाइलींचा पसारा पडतो आणि गेमला हवी असलेली एकसंध फाइल नाहीशी होते. आवाज आणि व्हिडिओ ओबीबीत बहुधा न दाबता ठेवलेले असतात, कारण गेमला ते खेळता खेळता थेट फाइलीतून वाचायचे असतात. ती उलगडून काही साधत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फोल्डरात फोल्डर. झिप जर तिच्याच नावाच्या नव्या फोल्डरमध्ये उलगडली गेली, तर ‘ओबीबी’मध्ये पॅकेजचे फोल्डर, त्यात पुन्हा तेच फोल्डर आणि मग फाइल अशी उतरंड तयार होते. गेम पहिल्याच पायरीवर थांबतो. दोनदा डाउनलोड केलेल्या फाइलीच्या नावात ब्राउझर कंसात १ घालतो, तोही असाच नडतो. फाइल मॅनेजर शेवटचा भाग लपवत असेल, तर ‘ओबीबी’ दिसणारी फाइल खरे तर ‘ओबीबी.झिप’ निघते. काही हरवले असे वाटले, की आधी फाइलीचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहावा. अर्धवट उतरलेली फाइल नावाने आणि जागेने अगदी बरोबर असते, आणि गेम मात्र लोगोवरच बंद पडतो.

अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर तयार केलेल्या गेममध्ये ओबीबी सापडली नाही, तर ‘हे अ‍ॅप तुम्ही विकत घेतलेले नसल्यामुळे डाउनलोड फसले असावे’ अशा अर्थाचा संदेश येतो. पैसे भरून गेम घेतलेल्या माणसालाही तो दिसू शकतो. फाइल जागेवर नाही म्हणून गेम ती प्ले स्टोअरकडे मागतो, स्टोअर परवाना तपासते, आणि एपीके बाहेरून टाकलेली असल्याने उत्तर नकारार्थी येते. म्हणजे दोष पैशांचा नसून बहुतेक वेळा नावाचा किंवा जागेचा असतो. काही जुन्या गेममध्ये स्टोरेजची परवानगी नाकारली, तरीही हेच घडते.

गेम अनइन्स्टॉल केला, की प्रणाली त्याचे ओबीबी फोल्डरही पुसते. म्हणून एपीके बदलण्यापूर्वी अनुभवी लोक त्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून ठेवतात. प्रणालीला पॅकेजच्या नावाचे फोल्डर सापडत नाही आणि डेटा वाचतो. नवी एपीके बसली, की नाव पूर्ववत करायचे. मंद इंटरनेटवर दोन जीबी पुन्हा उतरवण्याची वेळ आलेल्या कोणालाही या युक्तीचे मोल सांगावे लागत नाही.

अँड्रॉइड ११ नंतर

२०२० मध्ये अँड्रॉइड ११ आले आणि ही सोपी रीत अडली. कोणतेही अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये डोकावू शकत होते, हे खासगीपणाच्या दृष्टीने खरोखरच घातक होते. ते थांबवण्यासाठी ‘अँड्रॉइड’मधील ‘डेटा’ आणि ‘ओबीबी’ ही दोन्ही फोल्डरे इतर अ‍ॅपना बंद झाली. निर्णय योग्य होता, पण मालकाला स्वतःच्या फोनमध्ये स्वतःची फाइल ठेवणे कठीण झाले, ही किंमत त्यासाठी मोजावी लागली. सुरुवातीला फाइल मॅनेजर एकेका उपफोल्डरची परवानगी मागून आत शिरत. अँड्रॉइड १३ मध्ये ती फटही बुजवली गेली.

तरीही वाटा उरल्या आहेत. सर्वांत भरवशाची वाट संगणकाची: यूएसबी केबल लावून फाइल ट्रान्सफर निवडले, की बहुतेक फोनमध्ये ‘ओबीबी’ फोल्डर दिसते आणि फाइल तिथे ओढून टाकता येते. ज्यांना कमांडची सवय आहे, ते डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून एडीबी या, संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या ‘पुश’ने फाइल थेट ठेवतात. संगणक नसेल, तर शिझुकू हे अ‍ॅप वायरलेस डीबगिंगच्या आधारे फाइल मॅनेजरला तेवढेच अधिकार मिळवून देते. आणखी एक मार्ग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या अ‍ॅपला ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ ही परवानगी आहे, त्याला अँड्रॉइड ११ आणि पुढे ‘ओबीबी’ फोल्डरही खुले असते, कारण एपीके बसवणाऱ्याला डेटाही बसवावा लागणार हे प्रणालीने गृहीत धरले आहे. म्हणून फाइल मॅनेजरला ही परवानगी देऊन तो बंद करून पुन्हा उघडला, की कधी कधी काम होते. एक्सएपीके या गठ्ठ्यात एपीके आणि ओबीबी एकत्र असतात. ते बसवणारी अ‍ॅपही हाच अधिकार वापरतात.

सुरक्षितता आणि हक्क

एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती मोडली तर प्रणाली अ‍ॅप बसवत नाही. ओबीबी या सहीच्या कक्षेबाहेर आहे. तिच्यात कोणी ढवळाढवळ केली, तर ती पकडायची की नाही हे गेमवर अवलंबून: काही गेम आकार किंवा चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा अंक) तपासतात, काही तपासतच नाहीत. ओबीबीत सहसा चित्रे आणि आवाज असतात, त्यामुळे खरा धोका तिच्यासोबत मिळणाऱ्या अनोळखी एपीकेचा जास्त. सगळ्यात चांगली ओबीबी म्हणजे स्वतः विकत घेतलेल्या गेमची, स्वतःच्याच दुसऱ्या फोनवरून उचललेली. ओबीबीतला ऐवज कॉपीराइटने संरक्षित असतो. विकत मिळणारा गेम असा इतरांना वाटणे बेकायदा आहे. ऑनलाइन गेममध्ये बदललेला डेटा टाकला, तर खाते कायमचे बंद होऊ शकते.

ओसरता वापर

ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवे गेम एपीकेऐवजी अँड्रॉइड अ‍ॅप बंडल या स्वरूपातच घेतले जाऊ लागले आणि नव्या गेमसाठी ओबीबीची जागा प्ले अ‍ॅसेट डिलिव्हरीने घेतली. तिच्यात डेटा गेमबरोबरच, लगेच पाठोपाठ किंवा गरज पडेल तेव्हा उतरतो, आणि तो अ‍ॅपच्या खासगी भागात राहतो. तिथून तो उचलून दुसऱ्या फोनवर नेता येत नाही. दुसरीकडे ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारखे गेम छोटे अ‍ॅप बसवून उरलेले अनेक जीबी स्वतःच्या सर्व्हरवरून ‘अँड्रॉइड’मधील ‘डेटा’ फोल्डरात उतरवतात. ते फोल्डर संगणकामार्फत एका फोनवरून दुसऱ्यावर नेण्याची रीत ओबीबीच्याच वळणाची आहे. अँड्रॉइडवर चालणाऱ्या मेटा क्वेस्ट या व्हीआर हेडसेटवर मात्र ओबीबी अजून नांदते आहे, आणि साइडक्वेस्ट या अ‍ॅपमधून ती हाताने टाकली जाते.

स्टोअरवरून काढून टाकलेले आणि सर्व्हर बंद पडलेले जुने गेम पुन्हा चालवायचे, तर एपीके आणि तिची नेमकी ओबीबी जपून ठेवलेली असणे हाच एक मार्ग राहतो. त्यातही अडथळे वाढत आहेत. २०२२ च्या गूगल पिक्सेल ७ पासून काही फोन ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, अ‍ॅप चालवतच नाहीत, आणि त्या काळातले पुष्कळसे गेम ३२ बिटचेच आहेत. अँड्रॉइड १४ फार जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली एपीके बसवायला नकार देते. एडीबीच्या एका खास पर्यायाने तो नकार टाळता येतो. त्यामुळे जुने गेम जपणारे लोक दोन्ही फाइली, त्यांचे मूळ नाव आणि चेकसम यांच्यासोबत एखादा जुना फोनही चालू स्थितीत ठेवतात.