प्रेडिक्शन मार्केटच्या निकालावर हरकत: पात्रता, अनामत, पुरावे आणि मुदती

प्रेडिक्शन मार्केटमधला, म्हणजे भावी घटनांवर पैसे लावण्याच्या बाजारातला, प्रत्येक सौदा एका लेखी प्रश्नावर उभा असतो. प्रश्नाचे उत्तर ठरले की जिंकलेल्या बाजूच्या प्रत्येक हिश्शाला ठरावीक रक्कम, बहुतेक ठिकाणी एक डॉलर, मिळते आणि हरलेल्या बाजूच्या हिश्शाची किंमत शून्य होते. हे उत्तर कोण ठरवतो, ते मान्य नसेल तर हरकत कोण नोंदवू शकतो, त्यासाठी किती अनामत भरावी लागते आणि कोणते पुरावे ग्राह्य धरले जातात, याची माहिती येथे दिली आहे. हरकत नोंदवू इच्छिणाऱ्याने आरंभीच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: निकाल नियमांच्या मजकुरावरून लागतो, आणि प्रत्यक्षात काय घडले याचा विचार त्या मजकुराने मागितला असेल तेवढाच होतो.

२००६ च्या जुलैमध्ये उत्तर कोरियाने क्षेपणास्त्रांची चाचणी केली. जगभर बातम्या आल्या आणि अमेरिकी सरकारनेही चाचणी झाल्याचे सांगितले. तरीही त्यावरचा ट्रेडस्पोर्ट्स या बाजारातला सौदा ‘नाही’ असा निकाली निघाला, कारण नियमांत पुष्टीसाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे नाव लिहिले होते आणि त्या खात्याकडून अपेक्षित स्वरूपाची पुष्टी आली नाही. ‘हो’ बाजूने पैसे लावलेल्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण कोणाचा शब्द प्रमाण मानायचा हे सौदा सुरू होतानाच ठरलेले होते. त्याआधी २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत आयोवा विद्यापीठाच्या बाजारात, जो १९८८ पासून चालू आहे, विजेत्याचा सौदा देशभरातील एकूण मतांवर बांधलेला होता. त्यामुळे जॉर्ज बुश अध्यक्ष झाले, तरी पैसे ॲल गोर यांच्या बाजूला मिळाले. ज्यांनी मथळा वाचला आणि नियम वाचले नाहीत, त्यांना हा निकाल चुकीचा वाटला असेल. नियमांप्रमाणे तो बरोबर होता.

निकाल कोण ठरवतो

येथे दोन मुख्य पद्धती आहेत आणि हरकतीची सगळी वाट आपला बाजार कोणत्या पद्धतीचा आहे यावर अवलंबून असते. पहिल्या पद्धतीत बाजार चालवणारी संस्थाच निकाल जाहीर करते. अमेरिकेतील काल्शी हा बाजार या प्रकारचा असून तो तेथील सीएफटीसी या नियामकाच्या देखरेखीखाली चालतो. प्रत्येक करारात निकालाचा स्रोत, म्हणजे एखादे सरकारी खाते किंवा ठरावीक प्रकाशने, नमूद केलेला असतो आणि संस्था तो पाहून निकाल लावते. अशा ठिकाणी हरकत म्हणजे खातेदाराने संस्थेकडे पाठवलेली लेखी तक्रार. अंतिम शब्द संस्थेच्या नियमपुस्तिकेप्रमाणे तिचाच असतो.

दुसरी पद्धत खुल्या प्रस्तावाची आहे. पॉलिमार्केट या बाजारातील अनेक सौदे यूएमए नावाच्या ऑरॅकल व्यवस्थेमार्फत, म्हणजे प्रत्यक्ष घटनेचे उत्तर ठरवून ते बाजाराच्या संगणकीय प्रणालीला कळवणाऱ्या यंत्रणेमार्फत, निकाली निघतात. कोणीतरी अनामत भरून ‘निकाल हो असा आहे’ असा प्रस्ताव ठेवतो, हरकतीसाठी ठरावीक वेळ दिला जातो आणि त्या वेळात हरकत आली नाही तर प्रस्तावच निकाल बनतो. हरकतीची औपचारिक प्रक्रिया येथेच सर्वांत तपशीलवार असल्याने पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पात्रता

खुल्या पद्धतीत हरकत नोंदवण्यासाठी त्या सौद्यात आपला पैसा गुंतलेला असणे आवश्यक नाही. पुरेशी अनामत असलेले डिजिटल वॉलेट आणि व्यवहार शुल्कापुरती शिल्लक एवढे पुरते. ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा ऑरॅकल मागत नाही. प्रस्ताव ठेवण्याचा अधिकार मात्र २०२५ पासून पॉलिमार्केटच्या सौद्यांपुरता निवडक पत्त्यांकडेच देण्यात आला आहे, कारण घाईने ठेवलेल्या चुकीच्या प्रस्तावांमुळे वाद वाढत होते. हरकतीचा अधिकार सर्वांसाठी खुला ठेवला गेला, हे माझ्या मते या बदलातील सर्वांत योग्य कलम आहे.

संस्थेने निकाल लावण्याच्या पद्धतीत परिस्थिती वेगळी असते. तेथे तक्रारदार हा नोंदणीकृत खातेदार असावा लागतो, म्हणजे खाते उघडताना सरकारी ओळखपत्राची पडताळणी झालेली असते. कोणत्याही पद्धतीत आपल्या देशाच्या कायद्याने असे व्यवहार मनाई केलेले असतील, तर मुळात सहभागाचीच पात्रता राहत नाही, आणि ते आधी तपासणे ही प्रत्येकाची स्वतःची जबाबदारी आहे.

अनामत आणि तिचे गणित

पॉलिमार्केटच्या सौद्यांसाठी प्रस्तावकाची अनामत सामान्यतः ७५० डॉलर, तीही यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या डिजिटल चलनात, असते आणि हरकतदाराला तेवढीच रक्कम भरावी लागते. मोठ्या सौद्यांत ती अधिक असू शकते, म्हणून त्या विशिष्ट प्रस्तावाच्या पानावरचा आकडाच खरा मानावा. हरकत मान्य झाली तर हरकतदाराला स्वतःची अनामत परत मिळते आणि प्रस्तावकाच्या अनामतीचा अर्धा भाग बक्षीस म्हणून मिळतो. हरकत फेटाळली गेली तर त्याची पूर्ण अनामत जप्त होते.

म्हणजे जिंकल्यास ३७५ डॉलर मिळतात आणि हरल्यास ७५० डॉलर जातात. ज्याचा सौद्यात दुसरा काहीच हिस्सा नाही, त्याने आपण बरोबर असण्याची शक्यता दोन तृतीयांशाहून अधिक वाटत असेल तरच हरकत घ्यावी; त्याखाली प्रत्येक हरकत सरासरीने तोट्याची ठरते. ज्याचे हजारो डॉलर त्या निकालावर अवलंबून आहेत, त्याचे गणित अर्थातच वेगळे होते. केवळ राग म्हणून भरलेली अनामत परत आणून देणारा कोणताही नियम नाही.

मुदत

प्रस्ताव दाखल झाल्यापासून हरकतीची मुदत सामान्यतः दोन तासांची असते. ती संपल्यानंतर आलेली हरकत विचारात घेतली जात नाही, कारण प्रणाली तोवर निकाल अंतिम करून मोकळी झालेली असते. प्रस्ताव दिवसाच्या कोणत्याही प्रहरी येऊ शकतो, त्यामुळे ज्यांची मोठी रक्कम अडकलेली आहे त्यांनी सौद्याचा शेवट जवळ आला की प्रस्तावाच्या सूचना चालू ठेवणे शहाणपणाचे आहे.

पहिली हरकत आली की प्रश्न लगेच मतदानाला जात नाही. नवा प्रस्ताव मागवला जातो, जेणेकरून उघड चुका तेथेच दुरुस्त व्हाव्यात. दुसऱ्या प्रस्तावावरही हरकत आली तर प्रकरण यूएमएच्या टोकनधारकांकडे, म्हणजे त्या व्यवस्थेची डिजिटल नाणी बाळगणाऱ्यांकडे, जाते. मतदान दोन टप्प्यांत होते: पहिल्या साधारण २४ तासांत मत गुप्त स्वरूपात नोंदवले जाते, पुढच्या २४ तासांत ते उघड केले जाते. आधी इतरांची मते पाहून त्यांच्यामागे जाता येऊ नये, हा या गुप्ततेचा हेतू. मतदानाआधी पुरावे मांडण्यासाठी सार्वजनिक चर्चेचा अवधी असतो आणि हरकतदाराचे खरे काम त्या अवधीत होते.

कागदपत्रे आणि पुरावे

हरकतीसोबत विहित नमुन्याचा अर्ज नसला, तरी मतदारांसमोर ठेवलेली मांडणी एखाद्या अर्जासारखीच नीटनेटकी असावी. सर्वांत आधी नियमांतील ज्या वाक्यावर आपली हरकत उभी आहे ते वाक्य जसेच्या तसे उद्धृत करावे. सौदा चालू असताना बाजाराने खुलाशाची जादा टिपणी जोडली असेल तर तीही द्यावी, कारण मतदार तिला मोठे वजन देतात. त्यानंतर नियमांत नमूद केलेल्या स्रोताचा दुवा आणि त्या पानाची जतन केलेली प्रत द्यावी. स्रोताची पाने बदलली जातात आणि मूळ मजकूर नाहीसा झाला तर हरकतीचा आधारच जातो. घटनेची वेळ नियमांत दिलेल्या कालविभागात रूपांतरित करून लिहावी. अनेक सौदे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ११:५९ ला बंद होतात, आणि युरोपातील किंवा आशियातील तारीख तेव्हा बदललेली असते; एका दिवसाच्या फरकाने चुकलेल्या हरकती यामुळेच होतात. शेवटी आपण नेमका कोणता निकाल मागत आहोत ते स्पष्ट लिहावे.

निकालाचे पर्याय ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच नसतात. प्रश्नाचे उत्तर ठरवणे अशक्य असेल तर दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे देण्याचा निकाल मागता येतो. घटनेची मुदत संपण्याआधीच प्रस्ताव ठेवला गेला असेल तर ‘प्रस्ताव वेळेआधीचा आहे’ असा स्वतंत्र पर्याय आहे. सौदा ३१ डिसेंबरपर्यंतचा असून कोणी १० डिसेंबरला ‘नाही’ असा प्रस्ताव ठेवला, तर शेवटी उत्तर ‘नाही’च निघणार असले तरी ती हरकत टिकते, कारण उरलेल्या दिवसांत घटना घडू शकली असती.

आकडेवारीवरच्या सौद्यांत आणखी एक खाचखळगा असतो. अमेरिकेचा मासिक रोजगाराचा आकडा प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा सुधारला जातो. नियमांत ‘प्रथम प्रसिद्ध झालेला आकडा’ असे लिहिले असेल, तर सुधारित आकड्याच्या आधारावर घेतलेली हरकत कितीही खरी असली तरी फेटाळली जाईल.

शब्दांचा अर्थ लावताना होणारे वाद सर्वांत कठीण. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलै २०२५ पूर्वी सूट घालतील का, या प्रश्नावर २० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली. जूनमध्ये हेग येथील नाटो परिषदेत ते काळ्या जाकिटात दिसले, अनेक वृत्तसंस्थांनी त्याला सूट म्हटले, प्रस्तावांवर हरकती आल्या आणि अखेरीस निकाल ‘नाही’ असा लागला. नियमांत ‘विश्वासार्ह वृत्तांकनाचे एकमत’ हा निकष होता, पण एकमत किती बातम्यांनी होते हे कोठेच लिहिलेले नव्हते. अशा प्रश्नांत पुरावा उत्तम असूनही निकाल विरोधात जाऊ शकतो, हे हरकतदाराने अनामत भरण्याआधी मान्य केलेले बरे.

मतदानातील एक गंभीर उणीव

मताचे वजन टोकनांच्या संख्येवर ठरते, आणि मतदाराचा स्वतःचा पैसा त्याच सौद्यात असला तरी त्याला मतदानापासून रोखले जात नाही. मार्च २०२५ मध्ये युक्रेन अमेरिकेशी खनिज करार करील का, या सौद्याचा निकाल करार झालेला नसताना ‘हो’ असा लागला. एका मोठ्या टोकनधारकाने अनेक खात्यांतून मत फिरवल्याचा आरोप झाला. पॉलिमार्केटने निकाल अपेक्षेविरुद्ध असल्याचे मान्य केले, पण हा बाजाराचा बिघाड नसल्याचे सांगून परतावा नाकारला. प्रत्यक्ष करारावर सह्या ३० एप्रिल २०२५ रोजी झाल्या. न्यायनिवाडा करणाऱ्याचा निकालात हितसंबंध नसावा, ही किमान अट येथे पाळली जात नाही आणि ती पाळली जावी यासाठी सहभागींनी आवाज उठवणे रास्त आहे. ऑगर या २०१८ मध्ये सुरू झालेल्या जुन्या व्यवस्थेने दुसरा मार्ग निवडला होता: तेथे प्रत्येक फेरीत हरकतीची रक्कम वाढत जाई आणि ती एकूण टोकनांच्या २.५ टक्क्यांवर पोहोचली की संपूर्ण व्यवस्थाच दुभंगून प्रत्येक धारकाला आपली बाजू निवडावी लागे.

मतदानाचा निकाल ब्लॉकचेन या सार्वजनिक डिजिटल नोंदवहीत नोंदवला गेल्यानंतर त्या व्यवस्थेत पुढचे अपील नाही. बाजाराच्या वापराच्या अटींत लवादाची तरतूद असेल तर तो मार्ग स्वतंत्र असतो. त्यासाठी सौद्याच्या नियमांची सुरुवातीची प्रत, सर्व जादा टिपण्या, प्रस्ताव व हरकतीच्या व्यवहारांचे क्रमांक आणि अनामतीची नोंद एकत्र जपून ठेवावी लागते. ही कागदपत्रे निकालानंतर गोळा करण्यापेक्षा सौदा घेतला त्याच दिवशी नियमांची प्रत काढून ठेवणे अधिक सोपे जाते.