भयखेळांचे हालचाल-नियंत्रित रूपांतर

बटणांच्या नियंत्रकासाठी रचलेला भयप्रधान व्हिडिओ गेम, हाताची हालचाल ओळखणाऱ्या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी) पुन्हा घडवण्याची प्रक्रिया. निन्टेन्डोचा ‘वी’ हा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आणि डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हापासून या प्रकाराला खरी चालना मिळाली. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ (जपानी नाव ‘बायोहॅझर्ड ४’) या खेळाची २००७ मधील वी आवृत्ती हे त्याचे प्रातिनिधिक उदाहरण होय.

पूर्वपीठिका : या रूपांतराची अडचण समजण्यासाठी आधीच्या भयखेळांची नियंत्रणपद्धती पाहावी लागते. पहिल्या ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये (१९९६) कॅमेरा खोलीच्या एका कोपऱ्यात स्थिर असे. वरचे बटण दाबले की पात्र पडद्याच्या वरच्या दिशेने न जाता, त्याचे तोंड जिकडे असेल तिकडे चाले. वळायचे तर जागच्या जागी फिरावे लागे. रणगाड्याच्या चालीशी साम्य असल्याने खेळाडू याला ‘टँक कंट्रोल’ म्हणतात. या रचनेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ती फ्रान्समधील इन्फोग्राम्सच्या ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) या खेळावरून आली. ‘रेझिडेंट ईव्हिल’चे दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनीही पुढे हे ऋण मान्य केले. दुसरे मत कॅपकॉमच्याच ‘स्वीट होम’ला (१९८९) मूळ मानते. पछाडलेला वाडा, मोजके सामान आणि दार उघडतानाचे दृश्य या गोष्टी तिथून आल्या याबद्दल शंका नाही, आणि ‘रेझिडेंट ईव्हिल’ची सुरुवातही त्या खेळाच्या पुनर्निर्मितीच्या कल्पनेतूनच झाली. मात्र ‘स्वीट होम’ वरून दिसणारा द्विमितीय खेळ आहे. त्यामुळे वातावरणाचे श्रेय त्याला आणि कॅमेरा-चालीचे श्रेय फ्रेंच खेळाला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

ही अवघड चाल तांत्रिक मर्यादेतून आली की हेतुपुरस्सर ठेवली गेली, हाही वादाचा विषय आहे. पार्श्वभूमी आधीच चित्रित केलेली असल्याने कॅमेरा हलवणे शक्य नव्हते, हे खरेच. परिणाम मात्र निर्विवाद होता : संकट समोर असताना शरीर वेळेवर वळत नाही, ही दुःस्वप्नातली असहायता खेळाडूच्या बोटांपर्यंत पोहोचली.

रेझिडेंट ईव्हिल ४ : मूळ खेळ जानेवारी २००५ मध्ये निन्टेन्डोच्या ‘गेमक्यूब’ या वीआधीच्या कन्सोलवर आला. त्याआधीचे अनेक आराखडे रद्द झाले होते. त्यांपैकी एकातून ‘डेव्हिल मे क्राय’ (२००१) हा वेगळाच खेळ निपजला. स्थिर कॅमेरा जाऊन तो नायक लिऑन केनेडीच्या खांद्यामागे आला. नेम मात्र नियंत्रकावरील काडी (स्टिक) अंगठ्याने ढकलून, लेझरचा ठिपका सरकवत धरावा लागे.

वी आवृत्ती ३१ मे २००७ रोजी जपानमध्ये आणि जूनमध्ये अमेरिका व युरोपमध्ये प्रसिद्ध झाली. सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’ कन्सोलवरील आवृत्तीतली जादा प्रकरणे तिच्यात समाविष्ट होती. डाव्या हातातील नंचकने (रिमोटला जोडायच्या पूरक नियंत्रकाने) चालायचे आणि उजव्या हातातील रिमोट, म्हणजे वीचा मुख्य नियंत्रक, पडद्याकडे रोखून नेम धरायचा, अशी विभागणी झाली. रिमोट झटकला की सुरीचा वार होई. जुने नियंत्रक जोडून खेळण्याची सोयही ठेवली होती.

तांत्रिक बाजू : पडद्याजवळ ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात, हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण ती पट्टी काहीच ओळखत नाही. तिच्या दोन्ही टोकांना फक्त अवरक्त प्रकाश देणारे दिवे असतात. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. त्याला दिसणाऱ्या दोन प्रकाशबिंदूंच्या जागेवरून रोख, त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या कलावरून मनगटाचा पीळ आणि बिंदूंमधल्या अंतरावरून खेळाडूचे अंतर काढले जाते. म्हणून पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागते. उलट, अंधाऱ्या खोलीत वातावरणनिर्मितीसाठी टीव्हीजवळ मेणबत्ती लावली तर नेम भरकटतो.

झटका ओळखण्याचे काम तीन अक्षांच्या त्वरणमापकाचे असते. त्याला वेगातला बदल कळतो, हाताची जागा कळत नाही. म्हणून रिमोट ही हुबेहूब सुरी होऊ शकत नाही. विशिष्ट जोराचा झटका बसला की ठरलेला वार होतो, एवढेच. भ्रमणमापकाची (फिरण्याची गती मोजणाऱ्या जायरोस्कोपची) जोड देणारा ‘मोशनप्लस’ हा रिमोटचा पूरक भाग २००९ मध्ये आला.

मूल्यमापन : नेम सोपा झाल्याने भीती ओसरली, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः बरोबर आहे. मूळ खेळातला थरथरता, उशिरा पोहोचणारा लेझरचा ठिपका खरोखर नाहीसा झाला. परंतु नेम धरलेला असताना चालता येत नाही, हा मूळ नियम रूपांतरकारांनी तसाच ठेवला. हात मोकळा झाला, पाय जखडलेलेच राहिले. करवतधारी गावकरी धावत येतो तेव्हा गोळी झाडायची की पाठ फिरवून पळायचे, हा निर्णय पूर्वीइतकाच जीवघेणा राहतो. या आवृत्तीचे यश अचूक नेमाइतकेच या संयमात आहे.

इतर उदाहरणे : ब्रिटनमधील क्लायमॅक्स स्टुडिओने ‘सायलेंट हिल’ची (१९९९) पुनर्कल्पना ‘शॅटर्ड मेमरीज’ (२००९) या नावाने केली, आणि या प्रकारातील ती सर्वांत धाडसी म्हणावी लागेल. तिच्यात शस्त्रच नाही. रिमोट म्हणजे विजेरी. फोन आला की आवाज रिमोटमधल्या छोट्या स्पीकरमधून येतो, म्हणून खेळाडू तो नकळत कानाशी नेतो. अंगाला बिलगलेले प्राणी हात झटकून दूर फेकावे लागतात. हालचाल येथे नेमासाठी नसून स्पर्शाच्या किळसेसाठी वापरली आहे.

टेक्मो या जपानी कंपनीच्या ‘फेटल फ्रेम’ या भयखेळांच्या मालिकेतील चौथा खेळ (२००८) मुळातच वीसाठी रचलेला होता. तो जपानबाहेर अधिकृतपणे पोहोचायला २०२३ उजाडले, तेही सुधारित रूपात आणि इतर यंत्रांवर. मालिकेतील दुसऱ्या खेळाची वी आवृत्ती २०१२ मध्ये जपान व युरोपमध्ये आली. तिच्यातही स्थिर कॅमेऱ्याऐवजी खांद्यामागचा कॅमेरा स्वीकारला आहे. सोनीच्या ‘मूव्ह’ या हालचाल ओळखणाऱ्या नियंत्रकासाठी ‘रेझिडेंट ईव्हिल ५’मध्ये २०१० साली सोय करण्यात आली. ‘रेझिडेंट ईव्हिल ४’चे आभासी वास्तवातील रूपांतर ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट २ या डोक्यावर घालायच्या उपकरणावर आले. त्यात नेम धरूनही चालता येते.