मिटलेल्या माणसाची नाडी

वर्षभराचं बाळ आईबरोबर एका अनोळखी खोलीत येतं. जमिनीवर खेळणी, खुर्चीत एक परकी बाई. थोड्या वेळाने आई उठून बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते. तीन-तीन मिनिटांचे टप्पे, सगळं मिळून वीसेक मिनिटं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये बसवलेल्या या चाचणीत बरीच बाळं आई गेली की रडतात, आली की बिलगतात आणि शांत होतात. काही बाळं मात्र आई आल्यावर मान वळवून हातातली गाडी फिरवत बसतात. पाहणाऱ्याला वाटतं, किती समजूतदार पोर आहे.

१९७७ साली ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून दाखवले. बाळ खेळण्यात खरोखर रमलं की ठोके जरा मंदावतात. या बाळांचे वाढलेले होते, आणि आई परतल्यावरही बराच वेळ चढेच राहिले. १९९२ मध्ये मेरी डोझियर आणि रॉजर कोबॅक यांना मोठ्या माणसांतही हेच आढळलं. आई-वडिलांपासूनची ताटातूट, त्यांनी झिडकारणं, यावरच्या प्रश्नांना जे तरुण ‘त्यात काय एवढं’ अशा थाटात उत्तरं देत होते, त्यांच्याच बोटांवरचा घाम त्या प्रश्नांना वाढत होता. घामामुळे त्वचेतून वीज सहज वाहते, आणि ती मोजता येते.

मिटून राहणाऱ्या माणसाला काही वाटत नाही, हा समज इथेच निकालात निघतो. वाटतं ते भरपूर. ते बाहेर पडू न देण्यात शक्ती खर्च होते, एवढंच.

सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली होती. आलेल्या पहिल्या ६२० उत्तरांत ५६ टक्के लोकांनी स्वतःला जवळिकीत निर्धास्त म्हटलं, २५ टक्क्यांनी अंतर राखणारे, तर १९ टक्क्यांनी सोडून जाण्याच्या धास्तीत असणारे. आजकाल रील्सवर ही लेबलं रक्तगटासारखी वाटली जातात, ते चूक आहे. संशोधक आता दोन स्वतंत्र पट्ट्या वापरतात: जवळिकीची अडचण किती आणि सोडून जाण्याची भीती किती. प्रत्येक जण दोन्हींवर कुठे ना कुठे असतो, आणि जोडीदार बदलला की तीच व्यक्ती थोडी सरकतेही.

आता ‘विरुद्ध टोकं आकर्षित होतात’ याबद्दल. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट विंच यांनी १९५०च्या दशकात हे गंभीरपणे मांडलं होतं, पण पुढच्या मोजमापांत ते टिकलं नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या हजारो जोडप्यांची माहिती १३३ गुणधर्मांवर तपासली गेली, आणि जोडीला आधीचे अभ्यासही एकत्र पाहिले गेले. शिक्षण, राजकीय मतं, दारू-सिगारेटच्या सवयी अशा बहुतेक बाबतींत जोडीदार एकमेकांसारखेच निघाले. स्वभावाचं बोलकेपण किंवा अबोलपण मात्र जवळजवळ योगायोगानेच जुळलेलं होतं. म्हणजे घुमा आणि बडबडी ही जोडी निसर्गाने मुद्दाम जमवलेली नाही, आणि तिला शापही नाही. अडचण येते ती दोघांच्या बचावाच्या तऱ्हा उलट असतात तेव्हा. हे संभाषण बघा:

‘ऑफिसात काही झालंय का?’
‘काही नाही.’
‘चेहरा बघ आरशात. काही नाही म्हणे.’
‘अगं, म्हटलं ना, काही नाही.’
‘तुला माझ्याशी बोलायचंच नसतं.’
तो मोबाइल उचलून गॅलरीत जातो.

मिटलेला तो, आणि ती मोकळी, असं वाटेल. पण पुन्हा वाचा. तिन्ही वेळी बोलताना तिने स्वतःबद्दल काय सांगितलं? काहीच नाही. ‘तू गप्प झालास की मला भीती वाटते’ हे वाक्य तिनेही गिळलंय. त्याचा बचाव गप्प राहण्याचा, तिचा प्रश्न आणि तक्रारीचा. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये या ‘एकाने लकडा लावायचा, दुसऱ्याने माघार घ्यायची’ चक्राचा अभ्यास केला. बायकोला हवा असलेला बदल चर्चेला घेतला की ठरलेल्या भूमिका दिसत: ती मागे लागते, तो सटकतो. विषय नवऱ्याला हव्या असलेल्या बदलाचा निघाला की तो फरक उरत नव्हता. म्हणजे ‘पुरुष असेच’ आणि ‘बायका अशाच’ यापेक्षा कुणाला काय बदलून हवंय, यावर बरंच काही ठरतं.

ओळख नवी असताना आणखी एक घोटाळा होतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी व्होरॉअर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की नकाराची भीती असलेल्या माणसाला आपण दिलेला इशारा प्रत्यक्षापेक्षा फार ठळक वाटतो. ‘परवा तिकडे जाणारच होतो, म्हटलं येतेस का’ एवढं बोलून त्याला वाटतं आपण मन उघडं केलं. तिच्यापर्यंत पोचतं फक्त रिक्षाचं भाडं वाचवायचं निमंत्रण. ती ‘बघू’ म्हणते आणि तो त्याला नकार समजतो. दोघंही असे असले तर महिनोन्महिने कुणीच काही बोललेलं नसतं, आणि दोघांनाही आपण पुरेसं बोललो अशी खात्री असते. उपाय साधा आहे, पण जड जातो: हेतू वाक्यात आणायचा. ‘तुझ्याबरोबर वेळ घालवायला मला आवडतं, म्हणून विचारतोय.’

मग उघडायचं किती आणि कसं? याचं सर्वांत नीट मोजलेलं उत्तर आर्थर एरन यांच्या १९९७च्या प्रयोगात आहे. ‘प्रेमात पाडणारे ३६ प्रश्न’ म्हणून तो व्हायरल झाला, पण त्याचा हेतू प्रेम जुळवणं हा नव्हता. प्रयोगशाळेत जवळीक निर्माण करता येते का, एवढंच पाहायचं होतं. अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्या, ४५ मिनिटं, बारा-बारा प्रश्नांचे तीन संच. प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं. पंधरा मिनिटं झाली की संच संपो न संपो, पुढच्याकडे वळायचं. पहिल्या संचात कुणाला जेवायला बोलवाल अशी हलकी सुरुवात. शेवटच्यात स्वतःची खरी अडचण सांगून समोरच्याचा सल्ला मागणं. नुसत्या गप्पांचे प्रश्न मिळालेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांनी एकमेकांना स्पष्टपणे जवळचं मानलं. महत्त्वाच्या विषयांवर मतं जुळणाऱ्या जोड्या मुद्दाम बनवल्या होत्या, त्याने काही विशेष फरक पडला नाही, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

कृतीतले तीन भाग महत्त्वाचे: पायरीपायरीने खोल जाणं, दोघांनी आळीपाळीने बोलणं आणि वेळेची चौकट. यातला एक निसटला की गाडी घसरते. पहिल्याच भेटीत बालपणीचं सगळं दुःख ओतलं तर समोरचा बिचकतो, कारण तेवढ्याच वजनाचं परत देणं त्याला भाग पडतं. एकानेच बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त ‘हं, हं’ करायचं, तर बोलणाऱ्याला रात्री झोप लागत नाही. आणि माहिती सांगणं म्हणजे मन उघडणं नव्हे. ज्याँ-फिलिप लॉरेन्सो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोकांना रोजच्या भेटीगाठींची नोंद ठेवायला लावली. माहितीपेक्षा भावना सांगितल्या गेल्या की जवळीक जास्त वाढत होती, आणि त्यातही समोरच्याने आपलं ऐकून घेतलं, समजून घेतलं असं वाटणं निर्णायक होतं. ‘बीकॉमनंतर दोन वर्षं पुण्यात होतो’ ही माहिती. ‘पुण्यातलं पहिलं वर्ष फार एकटं गेलं, रविवार नको वाटायचा’ हे उघडणं. यावर ‘मग रूममेट करायचास ना’ असा तोडगा देऊ नये. ‘रविवारीच का?’ असं विचारावं आणि मग त्याच तोलामोलाचं स्वतःचं एक सांगावं.

चांगली बातमी ऐकतानाही अशीच चूक होते. शेली गेबल यांच्या अभ्यासांत, जोडीदाराच्या आनंदाला आपण कसे सामोरे जातो याचा नात्याच्या समाधानाशी घट्ट संबंध दिसला. ‘प्रमोशन मिळालं’ याला ‘अरे वा’ म्हणून पुन्हा टीव्हीकडे वळणं निरुपद्रवी वाटतं. मोजणीत मात्र ते ‘आता काम वाढणार बघ’ असं म्हणण्याच्याच पंगतीत बसतं. ‘साहेब नेमकं काय म्हणाले?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

विश्वासाचे थर जॉन रेम्पेल, जॉन होम्स आणि मार्क झाना यांनी १९८५ मध्ये वेगळे केले. आधी अंदाज: हा माणूस काय करेल ते कळतं. मग भरवसा: अडचणीत तो उपयोगी पडतो. शेवटी श्रद्धा: पुढे काय येईल माहीत नाही, तरी हा असेल. वरचा थर खालच्यांशिवाय टिकत नाही. म्हणूनच सावध माणसाला मोठ्या घोषणा पटत नाहीत. सात वाजता फोन करतो म्हटलं आणि सात वाजता केला, हे पटतं. शिवाय स्वतःला काहीच झळ न लागता दाखवलेला चांगुलपणा पुरावा म्हणून कमी पडतो. जेफ्री सिम्पसन यांच्या मते विश्वासाची माहिती मिळते ती दोघांचं हित एकमेकांआड येतं तेव्हा. भावकीत चेष्टा सुरू असताना तिने सांगितलेली गोष्ट त्याने ओठांवर येऊ दिली नाही, तिथे खातं भरतं.

भांडणात शरीर आड येतं. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी वाद घालणाऱ्या जोडप्यांची नाडी मोजली. ठोके मिनिटाला साधारण शंभरावर गेले की ऐकलेलं डोक्यात शिरत नाही आणि माणूस भिंत बनतो. मनगटावर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा. पंचवीसच्या वर आकडा गेला तर थांबा. शरीर निवळायला किमान वीस मिनिटं लागतात. उठून जाताना परत कधी येणार ते सांगायलाच हवं: ‘मला आता सुचत नाहीये, साडेनऊला बसू.’ वेळ न सांगता गेलेला माणूस मागे लागणाऱ्याची नेमकी भीती खरी करून जातो. त्या वीस मिनिटांत मनात उत्तरं घोळवली तर नाडी उतरत नाही. कणीक मळा, पेपर वाचा. (घटस्फोट नव्वद टक्के अचूक ओळखतो, हा गॉटमन यांचा गाजलेला दावा मात्र जपून घ्या. सूत्र ज्या जोडप्यांवरून बसवलं, त्यांच्यावरच ते तपासलं होतं.)

मदतीचं गणितही दोघांचं वेगळं असतं. सिम्पसन यांच्या २००७च्या अभ्यासात निर्धास्त लोक मायेच्या शब्दांनी शांत झाले, तर अंतर राखणारे प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या मदतीने. युथिका गिरमे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यात एक चमत्कारिक वळण दाखवलं. अंतर राखणाऱ्यांना थोडी ते मध्यम प्रत्यक्ष मदत केली की अस्वस्थता वाढते. भरपूर केली की ती खाली येते. थोड्या मदतीत त्यांना उपकार दिसतात, जोडीदार खरंच पाठीशी आहे हे मात्र पटत नाही. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य त्यांच्यासाठी सर्वांत वाईट. घर बदलायचं असेल तर मूव्हर्स-पॅकर्सना फोन करून तारीख ठरवून टाका.

आपल्याकडे दोन सावध अनोळखी माणसांना समोरासमोर बसवण्याची रीतसर व्यवस्था आहे, ती म्हणजे कांदेपोहे. पण तिथल्या अर्ध्या तासात पॅकेज, फ्लॅट, कुंडली, परदेशी जाण्याची तयारी, सगळी माहितीच होते. जयपूरमध्ये १९८२ साली उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी पन्नास जोडप्यांची पाहणी केली. ठरवून झालेल्या लग्नांत प्रेम वर्षांगणिक वाढलेलं आणि प्रेमविवाहांत ओसरलेलं दिसलं. लग्न जुळवणारे हा निष्कर्ष आनंदाने सांगतात. नमुना अगदी लहान होता, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांच्या पाहणीत दोन्ही प्रकारांत फरक सापडला नाही. लग्न कसं जुळलं यापेक्षा पुढचे तास कसे गेले ते बघावं. कॅन्ससच्या जेफ्री हॉल यांनी मैत्रीचे तास मोजले: जवळचा मित्र व्हायला दोनशेच्या वर. आठवड्याला दोन तासांची कॉफी धरली तर जवळपास दोन वर्षं. साखरपुडा आणि लग्नात तीन महिने ठेवणाऱ्यांनी हा हिशेब मनाशी करून बघावा.

ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या, नाकात मारायच्या फवाऱ्याने विश्वास वाढतो, ही २००५ची गाजलेली बातमी २०२०च्या मोठ्या पुनर्प्रयोगात टिकली नाही. फवारा विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

मिटून राहणं प्रत्येक वेळी आजार नसतो, हेही सांगायला हवं. विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या भांडणात तोंडावर फेकली जात असेल, चारचौघांत हसं होत असेल, हात उगारला जात असेल, तर तिथे गप्प बसणारं मन बरोबर ओळखतंय. वरचा कुठलाही उपाय अशा घरासाठी नाही.

आणि ज्यांच्या तोंडून शब्दच निघत नाहीत, त्यांनी कागद घ्यावा. रिचर्ड स्लॅचर आणि जेम्स पेनेबेकर यांनी २००६ मध्ये ८६ तरुण जोड्यांपैकी एकेकाला तीन दिवस रोज वीस मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी नात्याविषयीच्या मनातल्या गोष्टी लिहिल्या, काहींनी दिवसभराची कामं. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या ७७ टक्के जोड्या टिकून होत्या, दुसऱ्यातल्या ५२ टक्के. लिहिलेलं जोडीदाराला वाचायला द्यायचं नव्हतं. तरीही नंतरच्या दिवसांत लिहिणाऱ्याच्या चॅटमध्ये भावनांचे शब्द वाढले, आणि त्याने काय लिहिलं हे माहीत नसलेल्या जोडीदाराच्याही.