बोअरमधली कडा

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खाली नेला आणि बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळ नळीच्या, तोंडाशी बोट फिरवलं. काठाच्या थोडं खाली नख अडलं. डोळ्याला नीट दिसत नव्हती, पण बोअरभर गोल फिरलेली एक बारीक पायरी तिथे होती. काकांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली अकरा वर्षं उभी होती. ती घरीच दुरुस्त करायला घेतली, त्यात या पायरीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. गॅरेजात तिला ‘रिज’ म्हणतात, मी कडा म्हणतो.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीच्या फियाटची ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. इंजिन चार सिलिंडरचं, बोअरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५ मिलिमीटर, म्हणजे १०८९ सीसी. घरी उघडायला अशी गाडी उत्तम. संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे बिघडलंय ते हाताला लागतं, आणि मायक्रोमीटर असेल तर आकड्यात सांगता येतं.

आता ही कडा का पडते? लोखंडावर लोखंड घासतं म्हणून झीज होते, असं आपण सहज म्हणतो. तसं असेल तर पिस्टन जिथे सर्वांत वेगात धावतो तिथे झीज जास्त हवी. मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना बोअरच्या मध्यावर पिस्टनचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर असतो, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. पण मी मोजलं तर मध्यावर झीज जवळपास नव्हतीच. ती होती वर, जिथे पिस्टन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो.

याचं उत्तर रेल्वेच्या चाकांपाशी सापडलं होतं. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला एक भोक पाडलेलं होतं. आस फिरायला लागला की त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर यायचं. त्यानं बूच मारलं, तेलानं ते बाहेर ढकललं. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. मग तिथे दाबमापक बसवला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पौंडच होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा पृष्ठभाग चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढत पाचरीसारख्या निमुळत्या फटीत कोंबतो. तिथे तेलाचा दाब एवढा वाढतो की सगळा भार तेलच उचलून धरतं आणि धातू धातूला टेकतच नाही. पावसाळ्यात हायवेवर साचलेल्या पाण्यात भरधाव गाडीचे टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतात, तेही पाचरीतल्या अशाच दाबानं. तिथे आपल्याला ते नको असतं, इंजिनात मात्र सगळा संसार त्यावर उभा आहे.

या तेलाच्या थराला वेग लागतो. वेग गेला की पाचरीतला दाब गेला. ३,००० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबतो, ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली. खाली थांबतो तेव्हा निभावून जातं. वर थांबतो तिथे ज्वलनाची उष्णता तेल पातळ करत असते, आणि पेटलेल्या वायूचा दाब पिस्टनभोवतीच्या वरच्या रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटत असतो. नेमक्या त्या क्षणी थर फाटतो. रिंग जिथवर पोचते तिथवर भिंत झिजते, त्याच्या वरची भिंत कोरी राहते आणि मधे कडा उरते. म्हणून ती हाताला लागली की मला तो तेलाच्या थराच्या हद्दीचा दगड वाटतो.

झीज गोलही नव्हती. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) आडव्या दिशेनं ०.१८ मिलिमीटर, क्रँकच्या लांबीच्या दिशेनं ०.११. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर दाबतो, त्याचा तो हिशेब. नुसत्या नव्या रिंगा टाकल्या असत्या तर गोल रिंग लंबगोल बोअरमध्ये बसलीच नसती. शिवाय नव्या रिंगेची कोरी धार त्या कडेवर आपटून रिंग तुटायची भीती. निळा धूर दिसला की ‘रिंगा बदला’ असा सल्ला सर्रास मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की बोअर न मोजता रिंगा बदलणं म्हणजे पैसे आणि इंजिन दोन्ही वाया घालवणं.

बोअर कापून थोडा मोठा आणि पुन्हा गोल करायचं हे काम घरी होत नाही. ब्लॉक रिक्षात घालून शिवाजी उद्यमनगरात नेला. कोल्हापुरात राहण्याचं हे सुख आहे. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांपासून या गावाचे हात ओतीव लोखंडावर बसले आहेत, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून वाहनांच्या कास्टिंगचे ढीग बाहेर पडतात. बोअरिंग करणाऱ्या मेस्त्रींनी आधी नवे ओव्हरसाईज, म्हणजे थोड्या मोठ्या मापाचे, पिस्टन मागून घेतले. मी विचारलं, बोअर आधी का करत नाही? ते म्हणाले, “दादा, पिस्टन हातात आल्याबिगर बोअर करायचा न्हाई. अंगरखा अंगाच्या मापानं शिवत्यात.”

त्यामागे शास्त्र आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ६८ मिलिमीटरचा पिस्टन १५० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटरनं वाढतो, बोअर मात्र त्याच्या पाव ते एक-तृतीयांश हिश्श्याइतकाच वाढतो, कारण भिंतीला पाण्याचा गारवा असतो. म्हणून पिस्टन मुळात किंचित लंबगोल आणि वर निमुळता घडवतात, म्हणजे तापल्यावर तो बरोबर मापाचा होतो. त्याचं माप स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागावर, ठरलेल्या जागीच घ्यायचं.

आणि बीड तरी काय साधा धातू आहे! त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ग्रॅफाइट स्वतःच वंगण. पृष्ठभागावर उघडे पडलेले पापुद्रे झिजून गेले की त्यांच्या जागी तेल मुरतं. होनिंग करताना, म्हणजे बोअर शेवटचा घासताना, घासदगड फिरता फिरता वरखालीही होतो, त्यानं भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी उमटते. तीही तेलासाठीच. अगदी आरशासारखा गुळगुळीत बोअर तेल धरत नाही, हे मला आधी पटत नव्हतं. मेस्त्रींनी नव्या बोअरवरून बोट फिरवायला लावलं तेव्हा ती बारीक खरखर जाणवली.

दरम्यान घरी इंधनाची बाजू उघडली. इथे आपल्या जिल्ह्याच्या उसाचा थेट संबंध आला. देशात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि आपल्याकडचे साखर कारखाने ते बनवतात. १९७८ च्या गाडीतले रबर नळे, पेट्रोल पंपाचा पडदा हे सगळं निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेलं. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. दुसरा मुद्दा मिश्रणाचा. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजनच असतो. जुना जेट हे जाणत नाही. तो मोजून तेवढंच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. मी सगळे नळे आणि पडदा इथेनॉल सोसणारे घेतले आणि मुख्य जेट एका मापानं मोठा टाकला.

मग सस्पेन्शन. पुढे विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. एक धोक्याची सूचना आधी देतो. कॉइल स्प्रिंग काढताना ३०० किलोच्या जोरानं १५ सेंटीमीटर दबलेली असेल तर तिच्यात सुमारे २२० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे १० किलोचं वजन सव्वादोन मीटरवरून पडावं इतकी. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर हे काम घरी करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा.

मागचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. पाटे वाकताना एकमेकांवर सरकतात. हे घर्षण कोरडं असतं आणि कोरड्या घर्षणाचा स्वभाव हट्टी. ठरावीक जोर लागेपर्यंत ते हलूच देत नाही. गंजानं तो हट्ट वाढला की छोट्या खड्ड्यांवर पाटा हलतच नाही, सगळा धक्का टायर आणि पाठीचा कणा सोसतात. पाटे सुटे केले, घासले, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधले.

शॉकॲब्सॉर्बरमधलं घर्षण तेलाचं. पिस्टन बारीक भोकांतून तेल ढकलतो. हळू हललं तर तेल वाट देतं, जोरात हललं तर अडवतं, आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. इंजिनात जो चिकटपणा भार उचलतो, तोच इथे झोका थांबवतो. स्प्रिंगचं गणितही सुंदर आहे. गाडीच्या वजनानं ती चाकापाशी जितकी दबते, त्यावर झोक्यांचा वेग ठरतो. १६ सेंटीमीटर दबली तर सेकंदाला सव्वा झोका. शरीराला हे मानवतं. सेकंदाला ४ ते ८ हेलकावे बसलेल्या माणसाला सर्वांत जाचतात, आणि चिकटलेले पाटे गाडीला त्याच दिशेनं नेतात.

सांध्यांत बसणाऱ्या रबरी बुशांबद्दल मात्र आवर्जून सांगायचंय, कारण ही चूक आमच्या गाडीत एका गॅरेजनं आधी करून ठेवली होती. विशबोनच्या बुशात रबर सरकत नाही, पिळलं जातं. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर टेकताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून बोल्ट हातानंच बसवून ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, चारही कोपरे दाबून सोडले, आणि मगच पोटाखाली झोपून शेवटचा ताव दिला.

इंजिन सुरू झालं त्या सकाळपासून पहिले ५०० किलोमीटर मी पन्हाळ्याच्या वाटेवर घातले. चढावर जोर द्यायचा, उतारावर सोडायचा, एकाच वेगात रेंगाळायचं नाही. जोर दिला की वायूचा दाब रिंगेला भिंतीवर टेकवतो आणि होनिंगच्या रेघांची टोकं घासून रिंग बसते. त्या टोकांचं लोखंड तेलात येतं. ५०० झाल्यावर ऑइल काढलं. ड्रेनच्या बोल्टाला मी चुंबक चिकटवून ठेवला होता, त्यावर करडी, मलईसारखी लई जमली होती. कागदावर घेऊन उद्यमनगरात गेलो. मेस्त्रींनी ती चिमटीत चोळून बघितली. “बारीक हाय. खडा लागत न्हाई,” म्हणाले, आणि हात पुसत पुढच्या ब्लॉककडे वळले.