ऑफेलियाचं वेड आणि लेडी मॅकबेथची झोप

शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधल्या स्त्रियांबद्दल लिहिताना ‘वेडाचे प्रवेश’ असं एक सदर हमखास पाडलं जातं. त्यात ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया (अंक ४, प्रवेश ५) आणि ‘मॅकबेथ’मधली लेडी मॅकबेथ (अंक ५, प्रवेश १) शेजारीशेजारी बसवल्या जातात. साम्यं आहेतच. त्याआधी दोघी बराच वेळ रंगमंचावर दिसत नाहीत. ऑफेलिया नाटकातल्या नाटकाच्या प्रवेशानंतर गायब असते, लेडी मॅकबेथ मेजवानीच्या प्रवेशानंतर. परत येतात तेव्हा पद्य सुटलेलं असतं आणि बोलणं तुटक, गद्यातलं झालेलं असतं. त्यानंतर आपल्याला कळते ती मरणाची बातमीच.

पण लेडी मॅकबेथ वेडी नाही, ती झोपेत आहे. तिचं जागेपणीचं भान सुटल्याचं नाटकात कुठे दाखवलेलं नाही. पुढे मॅकबेथ विचारतो तेव्हा वैद्य सांगतो की तिला आजारापेक्षा मनात दाटून येणाऱ्या भासांचा त्रास आहे. ऑफेलिया मात्र टक्क जागी आहे आणि तिचं भान गेलेलं आहे. दोन्ही प्रवेश वाचताना एकच प्रश्न विचारावा: समोर कोण ऐकतंय आणि ऐकलेल्याचं काय करतंय?

ऑफेलिया येण्याआधी एक दरबारी राणीला, म्हणजे हॅम्लेटच्या आईला, बजावतो की तिच्या बोलण्यात तसा काही अर्थ नाही, पण ऐकणारे आपापल्या मनाप्रमाणे तुकडे जोडून त्यातून अर्थ काढतात. राणीला तिला भेटायचंच नसतं. लोकांच्या डोक्यात भलत्या शंका पेरल्या जातील, ही भीती घातल्यावर ती तयार होते. म्हणजे पोरगी दिसण्याआधीच तिचे शब्द ही राज्याच्या दृष्टीने धोक्याची बाब झालेली असते. मग ती एकदा नव्हे, दोनदा येते. पहिल्या खेपेला गाणी, दुसऱ्या खेपेला फुलं, आणि मध्ये जमाव घेऊन घुसलेला भाऊ लेअर्टीस. ती समोरच्यांशी बोलते, त्यांना उद्देशून गाते. राजा मात्र ‘बापाच्या मरणाचा धक्का’ असं निदान करून मोकळा होतो, आणि भावाला तिच्या वेडातही धडा दिसतो.

लेडी मॅकबेथच्या प्रवेशात सगळं उलट. ती तिथल्या कुणाशीच बोलत नाही आणि आडोशाचे दोघे, वैद्य आणि सेविका, शब्द न् शब्द टिपतात. वैद्याने दोन रात्री जागून काढल्या आहेत, काही दिसलेलं नाही. सेविका म्हणते, बाईसाहेब उठतात, कागद काढतात, घडी घालतात, लिहितात, वाचतात, मोहोर लावतात आणि पुन्हा झोपतात, सगळं गाढ झोपेत. आणि त्या बोलतात काय? ते सांगायला ती साफ नकार देते, कारण दुजोरा द्यायला साक्षीदार नाही. या भीतीतच बाईसाहेबांच्या बोलण्याची किंमत कळते. तो कबुलीजबाब आहे. वैद्य ते लिहून घेतो. १६११ मध्ये ग्लोब थिएटरात हे नाटक पाहिलेल्या सायमन फोरमनने आपल्या टिपणात नेमकं हेच नोंदवलं: राणी झोपेत उठली, चालली, सगळं कबूल करून बसली आणि वैद्याने तिचे शब्द टिपले.

कबुलीजबाब असल्यामुळे तिचं जवळजवळ प्रत्येक वाक्य आधीच्या प्रवेशाशी जुळवून दाखवता येतं. ‘एक, दोन, आता वेळ झाली’ हा मॅकबेथने मारलेल्या राजाच्या, डंकनच्या, खुनाआधीच्या घंटेचा इशारा. म्हाताऱ्यात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं, हाही डंकनच. झोपलेला तो आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच वार केला असता, असं ती दुसऱ्या अंकात म्हणाली होती. ‘दचकून दचकून सगळं बिघडवता’ हे मेजवानीतलं नवऱ्याला झापणं. बँको (मॅकबेथने मारवलेला त्याचा सोबती) पुरलाय, तो थडग्यातून येणार नाही, हेही तिथलंच. दारावरची थाप पुन्हा खुनाच्या रात्रीची. आणि हात. तेव्हा ‘थोडं पाणी घेतलं की झालं’ म्हणणारी ही बाई आता कधीकधी पाव तास हात चोळत राहते. सगळ्यात बोचणारी ओळ फाइफच्या सरदाराच्या, म्हणजे मॅकडफच्या, बायकोची, ती आता कुठे आहे? मॅकडफच्या बायकापोरांच्या हत्येत लेडी मॅकबेथचा हात असल्याचं नाटकात कुठे दिसत नाही. तरी झोपेत तिने तेही आपल्या खात्यावर मांडलेलं आहे. फक्त क्रम विस्कटलेला आहे, हिशोब नाही.

ऑफेलियाच्या बोलण्याला हीच पद्धत लावली की घोटाळा होतो. तिच्या गाण्यांत दोन धागे मिसळलेले आहेत: पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचं मरण आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी फसलेल्या मुलीची चावट कहाणी. पहिला धागा बापाकडे, पोलोनियसकडे जातो हे उघड आहे. दुसऱ्यावरून ‘हॅम्लेटने तिला भोगून टाकलं’ असा निकाल देणारे बरेच आहेत. नाटकात त्याला पुरावा नाही. दरबाऱ्याने ज्याबद्दल बजावलं तेच हे वाचक करतात. फुलांचंही तसंच. रोझमेरी, पॅन्सी, बडीशेप, कोलंबाइन, सताप, डेझी अशी यादी ती सांगते. व्हायोलेट द्यायची होती, पण बाप गेला तेव्हा ती सारी सुकली म्हणते. कोणतं फूल कुणाच्या हातात द्यायचं हे संहितेत लिहिलेलं नाही. बडीशेप राजाला की राणीला, यावर संपादकांचं एकमत नाही, आणि फुलं खरी असावीत की नुसत्या रिकाम्या हातांनी वाटावीत हेही दिग्दर्शकाने ठरवायचं.

प्रयोगात चुका होतात त्याही वेगवेगळ्या. लेडी मॅकबेथ डोळे मिटून, हात पुढे करून चाचपडत आली की प्रवेश बुडाला. डोळे उघडे आहेत, पण त्यांची जाणीव बंद आहे, हे संवादातच आहे. मेणबत्ती सतत जवळ हवी हा तिचाच हुकूम आहे. मग हात कसे धुवायचे? अठराव्या शतकातली इंग्रज नटी हॅना प्रिचर्ड मेणबत्ती हातातच धरायची. १७८५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात तिच्यानंतरच्या सारा सिडन्सने ती खाली ठेवली. थिएटरचा मालक शेरिडन आधी घाबरला होता, पण प्रेक्षकांना पटलं.

ऑफेलियाची अडचण गाण्यांची. १६०३ च्या पहिल्या छापील आवृत्तीत ती केस मोकळे सोडून, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत, गात येते. लंडनच्या सार्वजनिक रंगमंचावर १६६० पर्यंत बायका नव्हत्या, तेव्हा ही भूमिका गाता येणाऱ्या पोराकडेच जायची. ती गाणी तेव्हाच्या लोकांच्या तोंडातल्या चालींची. दरबारातल्या मुलीच्या तोंडी ती येतात म्हणून दचका बसतो. आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून (१८८३) मराठीत हॅम्लेट आला, पण तिची गाणी नवी कविता म्हणून भाषांतरित केली की हा दचका जातो. प्रेक्षकाला ओळखीची, थोडी बाजारू चाल लागते.

दोघींचं मरण पडद्याआड, तरी एकसारखं नाही. ऑफेलियाची फांदी मोडली, ती पाण्यात पडली, असं राणी सांगते. कबर खणणारे मात्र आत्महत्येचा कायदा चघळतात. त्या काळी इंग्लंडमध्ये भानावर असताना आत्महत्या केली तर मालमत्ता राजाकडे जप्त व्हायची, वेडाच्या भरात केली तर नाही. १५५४ मध्ये बुडून मेलेल्या न्यायाधीश सर जेम्स हेल्स यांच्या खटल्यात यावरून जो शब्दच्छल झाला, त्याची ही टवाळी आहे. म्हणजे ऑफेलियाचं वेड हा दफनभूमीच्या दारातला कायदेशीर मुद्दाही आहे, आणि धर्मगुरू तिचे विधी अर्धेमुर्धेच करतो. लेडी मॅकबेथने स्वतःच्या हातांनी जीव दिला, हे शेवटच्या भाषणात डंकनचा मुलगा माल्कम ‘असं म्हणतात’ म्हणून जाता जाता सांगतो. तिच्या दफनाबद्दल नाटकात एक शब्द नाही.